अनुभव, मनन आणि शहाणपण

घरांतील तरुण मुलानें वडील माणसाचा शब्द खालीं पडूं दिला, म्हणजे त्या वडिलांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतें: ‘हे केस कांहीं उन्हानें पांढरे झालेले नाहींत!’ या वाक्यांत एक मोठा सिद्धान्त गृहीत धरलेला असतो. वय वाढलें म्हणजे अनुभव वाढतो, आणि अनुभव वाढला म्हणजे शहाणपण आपोआप येतें, असा तो सिद्धान्त आहे. यांतील पहिलें विधान निर्विवाद आहे. दुसरें मात्र तपासून घेतलें पाहिजे. कारण घराघरांतील वडीलधाऱ्यांचा अधिकार त्याच्यावर उभा आहे, आणि कित्येकदां त्याच्याच जोरावर धाकट्यांवर अन्यायहि होत असतो.

साठ पावसाळे पाहिलेला एक माणूस शांत, समंजस आणि दुसऱ्याचें ऐकून घेणारा निघतो. तितकेच पावसाळे पाहिलेला दुसरा तितकाच हट्टी, संशयी आणि कडवट निघतो. दोघांनींहि संसार केला, दोघांनींहि आप्तेष्टांचे मृत्यु पाहिले, दोघांनाहि माणसांनीं फसविलें. मग फरक कोठें पडला? बर्लिन येथील मॅक्स प्लांक संस्थेंत पॉल बाल्टेस या मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. निरनिराळ्या वयांच्या माणसांपुढें आयुष्यांतील अवघड पेच ठेवावयाचे, आणि तीं त्यांवर कसा विचार करतात तें पाहावयाचें, अशी त्यांची रीत होती. तारुण्यापासून पंचाहत्तरीपर्यंत केवळ वयाच्या योगानें शहाणपणांत म्हणण्यासारखी भर पडत नाहीं, असें त्यांना आढळून आलें. पांढऱ्या केसांच्या पुराव्यावर निकाल देतां येत नाहीं, इतका बोध या अभ्यासांतून खचित निघतो.

आपल्याकडील जुन्या विचारवंतांना ही गोष्ट ठाऊक होती. बृहदारण्यक उपनिषदांत याज्ञवल्क्य आपल्या पत्नीला, मैत्रेयीला, आत्मज्ञानाचा मार्ग सांगतो. त्यांत श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या आहेत. ऐकलेलें मनांत घोळवावयाचें, आणि घोळवून पटलेलें सतत ध्यानांत ठेवावयाचें, असा हा क्रम आहे. आयुष्यांतील अनुभवालाहि हाच क्रम लागू पडतो. घडलेला प्रसंग म्हणजे केवळ श्रवण. जगानें आपल्याला कांहीं सांगितलें एवढाच त्याचा अर्थ. त्यावर मनन झालें नाहीं, तर तो या कानानें शिरून त्या कानानें जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कानांतच अडकून ठणका लावतो.

हें पुस्तकांतून समजण्यापेक्षां शेतांत लवकर समजतें. पिंपळगांव बसवंत हें नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांतील, मुंबई-आग्रा मार्गावरचें मोठ्या बाजाराचें गांव. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षें यांच्या व्यापारासाठीं त्याचें नांव दूरवर माहीत आहे. तेथील शेतकरी उन्हाळ कांदा काढतो, पण काढल्याबरोबर तो चाळींत भरीत नाहीं. पातीसकट तो शेतांतच ओळीनें पसरतो. एका ओळीच्या पातीनें दुसऱ्या ओळीचा कांदा झांकतो, म्हणजे त्याला थेट ऊन लागत नाहीं. पात सुकून मान मिटली, म्हणजे थोडी मान राखून पात कापतात. मग कांहीं दिवस सावलींत ठेवून, निवडून, तो चाळींत जातो, आणि असा कांदा चार-पांच महिने टिकतो. उलट ओला कांदा घाईनें चाळींत भरला, तर तो सडतो, आणि आपल्याबरोबर शेजारच्या कांद्यांनाहि सडवितो.

माणसाच्या मनांत असे ओले भरलेले कांदे पुष्कळ असतात. भावानें वाटणींत केलेली लबाडी, वरिष्ठानें चारचौघांत केलेला अपमान, व्याह्यांनीं लग्नांत काढलेलें उणें, हे प्रसंग घडल्याबरोबर जसेच्या तसे मनाच्या कोठारांत जातात. वीस वर्षांनंतरहि ते तितकेच ओले असतात, आणि आसपासच्या चांगल्या आठवणींनाहि त्यांचा वास लागतो. असा माणूस म्हणतो कीं, त्याला जगाचा अनुभव आहे. वस्तुतः त्याच्याजवळ अनुभव नसून केवळ दुखणें असतें.

येथें चिंता आणि चिंतन यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. दोहोंतहि मन त्याच प्रसंगाकडे पुनः पुनः वळतें. म्हणून पुष्कळ लोक रात्रभर कुढत राहतात आणि आपण विचार करीत आहों अशी स्वतःची समजूत घालतात. परंतु चिंतेचा प्रश्न एकच असतो: ‘माझ्याच वाट्याला हें कां आलें?’ या प्रश्नाला उत्तर नाहीं, म्हणून तिला शेवटहि नाहीं. चिंतनाचे प्रश्न निराळे असतात. नेमकें काय घडलें? त्यांत माझा भाग किती होता? समोरच्या माणसाला त्या वेळीं काय दिसत असेल? यापुढें वागण्यांत काय बदलावें? या प्रश्नांना उत्तरें असतात, आणि उत्तर सांपडलें म्हणजे तो प्रसंग सुकून, हलका होऊन, ठेवण्याजोगा होतो.

त्याच परिसरांतील द्राक्षबागा आणखी एक गोष्ट शिकवितात. तेथें वेलीची वर्षांतून दोनदां छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास होणारी ती खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या सुमारास होणारी ती फळछाटणी. खरड छाटणीनंतर वेलीला नव्या काड्या फुटतात, पण तेव्हां फळ धरावयाचें नसतें. पाहणाऱ्याला वाटावें कीं, हे महिने फुकट चालले आहेत. परंतु पुढच्या हंगामाचे घड किती येतील हें याच काळांत, छाटणीनंतरच्या साधारण चाळीस ते साठ दिवसांत, काडीवरच्या डोळ्यांच्या आंत ठरत असतें. बागाईतदार त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलें, उजेड कमी पडला, तर ऑक्टोबरांत कितीहि उत्तम छाटणी केली तरी घड कमी निघतात. दुःखाच्या किंवा अपयशाच्या पाठोपाठ येणारा रिकामा काळ असाच असतो. बाहेरून कांहीं घडत नाहीं. पण त्या काळीं मनाला विचाराचा उजेड मिळाला कीं नाहीं, यावर पुढचें पीक अवलंबून असतें. शोकाच्या दिवसांत माणसाला लगेच करमणुकींत ओढूं पाहणाऱ्या आप्तांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

निफाड तालुक्यांतून वाहणारी गोदावरी पुढें पैठणास जाते. त्या पैठणचे संत एकनाथ यांनीं भागवताच्या एकादश स्कंधावर मराठींत विस्तृत टीका लिहिली. पैठणास आरंभिलेला हा ग्रंथ त्यांनीं काशींत १५७३ सालीं पूर्ण केला. त्याच्या सातव्या, आठव्या व नवव्या अध्यायांत अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा येते. अनुभव आणि मनन यांचा संबंध याहून सोप्या रीतीनें क्वचितच कोठें सांगितलेला असेल. यदुराजाला वनांत एक अवधूत भेटतो. कोणताहि उद्योग नाहीं, घरदार नाहीं, तरी मुद्रा प्रसन्न! राजा त्याला विचारतो कीं, ही बुद्धि कोठून मिळविली? तेव्हां अवधूत आपल्या गुरूंची यादी सांगतो. तींत पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नि, चंद्र, सूर्य आहेत. कपोत, अजगर, समुद्र, पतंग, भुंगा, हत्ती, हरिण, मासा आहेत. मध गोळा करणारा, बाण घडविणारा, कोळी, एक लहान मूल आणि पिंगला नांवाची गणिकाहि आहे.

या यादींतील एकाहि गुरूनें अवधूताला उपदेश केलेला नाहीं. त्यांना तर आपण कोणाचे गुरु झालों याचा पत्ताहि नाहीं. अवधूतानें स्वतःच्या बुद्धीनें त्यांना गुरु मानलें, एवढेंच. एका कुमारिकेची गोष्ट पाहावी. घरचीं वडील माणसें बाहेर गेलेलीं असतां तिला मागणी घालावयास पाहुणे येतात. त्यांच्या जेवणासाठीं ती आंत साळी कांडावयास बसते, तेव्हां हातांतील कांकणें वाजतात. घरांत कांडलेले तांदूळहि नाहींत, हें पाहुण्यांना कळूं नये म्हणून ती एकेक कांकण उतरविते. दोन उरतात, तरी वाजतात. एकच राहतें, तेव्हां शांतता होते. असें दृश्य शेंकडों लोकांनीं पाहिलें असेल. बहुतेकांना त्यांत गरिबी दिसली असेल, कांहींना मुलीची चतुराई दिसली असेल. अवधूताला त्यांत एकांताचा धडा दिसला.

ही यादी आणखी एका दृष्टीनें मननीय आहे. तिच्यांतील सर्वच गुरु अनुकरणीय नाहींत. पृथ्वीपासून सहनशीलता घ्यावयाची. परंतु दिव्यावर झेंप घालणारा पतंग, गळाला लागणारा मासा, पिलांच्या मायेनें जाळ्यांत उडी घालणारा कपोत यांच्यापासून काय टाळावयाचें तें घ्यावयाचें. ‘पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा’ ही म्हण हेंच सांगते. मात्र मागच्याची नजर पुढच्याच्या पायाकडे असली तरच तो शहाणा होतो. नाहीं तर त्याच दगडाला दोघेहि अडखळतात. शेवटीं अवधूत स्वतःच्या देहालाहि गुरु म्हणतो. बाहेरच्या चोवीस गुरूंकडून शिकून झाल्यावर पंचविसावा धडा स्वतःवरच गिरवावयाचा असतो, आणि तोच सर्वांत अवघड असतो.

तो किती अवघड असतो, हें याच तालुक्यांत जन्मलेल्या एका थोर पुरुषाच्या चरित्रांत दिसतें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं निफाड येथें झाला. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकीं ते एक. पुढें न्यायखात्यांत चढत जाऊन १८९३ सालीं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. विधवाविवाहाच्या चळवळीचे ते तारुण्यापासून पुरस्कर्ते होते. १८७३ सालीं त्यांची पहिली पत्नी वारली. आतां रानडे विधवेशीं विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. आणि नेमकी तीच त्यांच्या वडिलांना भीति होती. वडिलांनीं दुसरी वधू ठरविली. रानड्यांनीं विनवण्या केल्या, पण वडिलांचा शब्द मोडण्याचें त्यांच्यानें झालें नाहीं. तिशी ओलांडलेल्या या पंडिताचें लग्न अकरा वर्षांच्या रमाबाईंशीं झालें. जें जगाला सांगितलें तें स्वतःच्या घरीं करतां आलें नाहीं, अशी टीका त्यांच्यावर झाली, आणि ती निराधार नव्हती.

अशा प्रसंगीं माणसापुढें नेहमींच्या दोन वाटा असतात. एक वाट समर्थनाची: परिस्थितीच तशी होती म्हणून मोकळें व्हावयाचें. दुसरी वाट खंत करीत बसण्याची. रानड्यांचें पुढील आचरण या दोहोंपैकीं कोणत्याहि वाटेनें गेलेलें दिसत नाहीं. लग्नानंतर लगेच त्यांनीं रमाबाईंना अक्षरओळख करून देण्यास प्रारंभ केला. घरांतील बायकांचा विरोध होता, टोमणे होते. तरी मराठीनंतर इंग्रजीचा अभ्यास चालू राहिला. १८८४ सालीं पुण्यांत मुलींसाठीं हायस्कूल निघालें, त्याच्या संस्थापकांत रानडे होते. पतीच्या मृत्यूनंतर रमाबाई १९०४ सालीं मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. पुण्याच्या सेवासदनाच्या कार्यांत त्यांनीं आपलें उर्वरित आयुष्य वेंचलें. आणि १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकानें मराठी भाषेला एक उत्कृष्ट आत्मचरित्र दिलें. यामुळें १८७३ सालची गोष्ट पुसली जात नाहीं, आणि पुसली जावी असेंहि म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु चुकलेल्या पावलावरून मागें फिरणें अशक्य झालें असतां पुढचें पाऊल कसें टाकावें, याचें हें उदाहरण आहे.

ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला. उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत झळकलीं, धर्मभ्रष्टतेचा गवगवा झाला, आणि १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. त्यांच्या सुधारक मित्रांपैकीं अनेकांना तें रुचलें नाहीं. त्यांचा निर्णय बरोबर कीं चूक, याविषयीं मतभेद होऊं शकतो. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट एवढीच कीं, दोन्हीं बाजूंचे वार झेलूनहि त्यांच्या पुढील लेखनांत आणि कार्यांत कडवटपणा शिरला नाहीं. कांदा ओला भरला गेला नाहीं.

हें बळ कोठून आलें असावें? प्रार्थना समाजांत रानडे उपासना चालवीत, व्याख्यानें देत. तीं पुढें ‘धर्मपर व्याख्यानें’ या नांवानें प्रसिद्ध झालीं. पहांटे उठून ते तुकोबांचे अभंग म्हणत, असें रमाबाईंनीं आपल्या आठवणींत सांगितलें आहे. सरकारी कामासाठीं कलकत्त्यास राहावें लागलें, तेव्हां त्यांनीं बंगालीचा अभ्यास आरंभिला, आणि हजामत चालली असतां न्हाव्याकडून अडलेल्या शब्दांचे अर्थ ते विचारून घेत. अवधूताच्या यादींत न्हावी नाहीं. पण ज्यानें ती यादी खऱ्या अर्थानें वाचली, त्याला पंचविसावा-सव्विसावा गुरु जोडण्यास अडचण पडत नाहीं. विद्वत्तेला नम्रतेची जोड असली, म्हणजे अनुभवाचें दार कोठूनहि उघडतें.

न्यायाधीशाच्या चरित्रांत आणखी एक अर्थ दडलेला आहे. दुसऱ्याच्या खटल्याचा निकाल देणें त्या मानानें सोपें असतें. स्वतःच्या खटल्यांत तोच माणूस वादी, वकील आणि न्यायाधीश होऊन बसतो. यहुदी लोकांचा राजा सॉलोमन दुसऱ्यांना न्याय देण्यांत प्रसिद्ध होता, पण स्वतःच्या घरच्या व्यवहारांत त्याचें तें शहाणपण चाललें नाहीं. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांना म्हणूनच त्याचें नांव दिलें. स्नेह्यावर ओढवलेल्या संकटाविषयीं माणसें जितका समतोल विचार करतात, तितका स्वतःवर ओढवलेल्या त्याच संकटाविषयीं करीत नाहींत, असें त्यांना दिसलें. आणि या बाबतींत म्हातारे तरुणांहून वरचढ ठरले नाहींत. मात्र स्वतःकडे जरा दूरून, तिऱ्हाइताप्रमाणें पाहावयास सांगितलें, तेव्हां तें अंतर बरेंच मिटलें.

आपल्या अध्यात्मांत साक्षी ही कल्पना आहे, तिचें व्यावहारिक मोल येथें कळतें. सुखदुःख भोगणारा एक, आणि तें भोगणें पाहणारा दुसरा; त्या पाहणाऱ्याच्या जागीं घटकाभर बसावयाचें, हें उपासनेचें एक मोठें प्रयोजन आहे. ईश्वरापुढें उभें राहिलें असतां स्वतःची वकिली करण्यांत अर्थ उरत नाहीं, कारण सर्व हकीकत त्याला ठाऊकच असते. ज्याची ईश्वरावर श्रद्धा नाहीं, त्यालाहि सत्यापुढें असेंच उभें राहतां येतें. जप, भजन, पारायण हीं केवळ पुण्याच्या हिशेबानें केलीं, तर त्यांतून हें कार्य होत नाहीं. उलट ‘मी एवढें करतों’ या अभिमानाची भर पडते, आणि साक्षीच्या जागीं पुन्हा वकील येऊन बसतो.

मग गृहस्थाश्रमी माणसानें काय करावें? त्याला वनांत जाण्याची गरज नाहीं. प्राचीन रोममधील तत्त्वज्ञ सेनेका रात्रीं दिवा मालविल्यावर दिवसभराच्या आपल्या बोलण्याचालण्याची तपासणी करीत असे, आणि स्वतःपासून कांहीं लपवीत नसे. आपल्या एका ग्रंथांत त्यानें हें सांगून ठेविलें आहे. हीच रीत कोणत्याहि मराठी घरांत चालण्याजोगी आहे. निजण्यापूर्वीं दहा मिनिटें पुरेत. आज कोणता प्रसंग मनाला लागला, त्यांत आपलें काय चुकलें, समोरच्याचें काय बरोबर होतें, आणि उद्यां कोणती एक गोष्ट निराळी करावयाची, इतकेंच पाहावें. शेवटचा प्रश्न सोडूं नये; कारण आचरणांत न उतरलेलें मनन हें मनोराज्यच होय. तसेंच सर्वच प्रसंग एका रात्रींत सुकत नाहींत. कांहींना आठवडा लागतो, कांहींना वर्ष. एखाद्या मृत्यूला त्याहूनहि अधिक. तेथें घाई करूं नये.

आणि वडीलधाऱ्यांनीं केसांचा दाखला जपून द्यावा. तरुणाला अनुभव सांगावयाचा असेल, तर त्यांतून काढलेला निष्कर्ष तेवढा सांगून भागत नाहीं. आपण कोठें चुकलों, कशानें तें ध्यानांत आलें आणि त्यानंतर काय बदललें, हेंहि त्याच्यापुढें ठेवावें लागतें. असें सांगणाऱ्या वृद्धाला आपल्या वयाची आठवण करून द्यावी लागत नाहीं. घरांतील मुलें आपण होऊन त्याच्याजवळ येऊन बसतात.